पत्रिकेवरचे हेमंतअप्पा

बायांनो, भावांनो, आज आमच्या पणतवाचं बारसं झालं. पत्रिका माझ्या हाती आजच आली. त्यावर छापलं होतं, "कै. हेमंतअप्पा यांचा पणतू".

मी लेकाला विचारलं, "हे हेमंतअप्पा कोण रे?"

"आपले अप्पाच की. आजकाल लोक काहीबी विचारायलेत, माय. तू गप ऱ्हा."

माझ्या मालकांचं नाव हकीमप्पा. निजामाच्या राज्यात वालूरला पटकीची साथ आली, तेव्हा सासूबाई पोटुशी होत्या. एका मुसलमान हकिमानं त्यांना वाचवलं आणि त्याच साथीत तो स्वतः गेला. त्या साली गावात चार लिंगायत पोरांची नावं हकीमप्पा ठेवली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर तिघांची बदलली. सासूबाईंनी बदलू दिलं नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी ते कधी उच्चारलं नाही. पण दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून एकटी वाचायला शिकले, ती रेशनकार्डावरचं त्यांचं नाव वाचता यावं म्हणून.

आज पाळण्याजवळ, सगळ्यांदेखत, मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "ह्याच्या पणज्याचं नाव हकीमप्पा हाय."

सून म्हणाली, "चला, पानं वाढलीत." सगळे उठले.

तुमच्याकडं त्या सालचा एखादा हकीमप्पा अजून आहे का? असेल तर त्याला आज त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा. आमच्या घरात ते नाव आता फक्त माझ्याजवळ उरलंय, आणि माझी अठ्ठ्याहत्तर सरली.