टाकीचा चढ

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रीची सारी हयात गेली. इमारतीत पाऊल टाकलं की वर कुठे काय घासतंय ते त्याला नुसत्या आवाजावरून कळे. त्यामुळे जगात जे जे कुरकुरतं त्याचा एखादा भाग बदलला की झालं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि त्याच्या डोक्यात बसलेलं काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

रोज सकाळी तो आणि त्याची बायको आपापल्या रेसिंग सायकलींवर निघत. पूल ओलांडायचा, पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा, वर जरा टेकायचं, मग पलीकडे उतरून त्याने कंपनीत आणि तिने छापखान्यात जायचं. ती तिथे पुस्तकांची बांधणी करी. चढावर ती त्याला हटकून मागे टाकी आणि वरून ओरडे, "या आजोबा, या!"

मग एका हिवाळ्यात तीच मागे पडू लागली. टाकीपाशी पोचली की हँडलवर कपाळ टेकून उभी राही.

"जड जातंय हो हल्ली," ती म्हणाली.

मिस्त्रीने तिच्या सायकलचं मागचं चाक उचललं, फिरवलं, कान लावला. "जाणारच. चाकं कसली, लोढणी आहेत. भारीतली बसवू."

झालं! स्वारीने कंबर कसली. रिम कार्बनची घ्यायची हे ठरलं, पण किती उंच? उंच रिम सपाटीवर पळते, पण पुलावर आडवा वारा लागला तर तिला ढकलून देईल. बुटकी चढाला बरी. स्पोक कमी घेतले तर वजन घटेल, पण रोजच्या रस्त्यावरचे खड्डे कोण सोसणार? महिने गेले. दुकानात तो ठाण मांडून बसे. दुकानदार कावला.

"अहो मिस्त्री, शर्यत जिंकायचीय की कामाला जायचंय?"

"तिला पुन्हा माझ्या पुढे बघायचंय," मिस्त्री म्हणाला.

तिच्या थोरल्या बहिणीने एकदा त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "भावजी, ती जिना चढतानाही थांबते. डॉक्टरांना दाखवा."

"दमते हो, ताई. रोज ती जड सायकल रेटायची म्हणजे काय! चाकं येऊ द्या, मग बघा."

"येऊ दे ना गं," बायको हसून म्हणाली. "एवढ्या हौसेने निवडतायत." तिला त्याचं मन मोडवेना. मला राग येतो तो इथे, दोघांचाही.

चाकं आली. दुसऱ्या सकाळी पूल मजेत पार पडला. चढाच्या अर्ध्यावर ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसली. ओठ निळे पडले होते. "चाकं छान आहेत हो," एवढंच ती बोलू शकली.

"हृदयाची झडप पार निकामी झालीय," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धाप कधीपासून लागत होती?"

"जुनी चाकं होती तेव्हापासून," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी हातातला कागद मिटला. "झडप बदलता येते. तेव्हाच आणायला हवं होतं. आता ऑपरेशन झेपणार नाही त्यांना."

त्याच आठवड्यात ती गेली. बहिणीने त्याला दोष दिला नाही. बोलणंच टाकलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मिस्त्रीने तिची सायकल बाहेर काढली. नवी चाकं उतरवली आणि माळ्यावरची जुनी पुन्हा बसवली. पूल ओलांडून तो चढाला लागला. चढ जड जावा, छाती फुटावी, चाकांतच खोट निघावी, असं त्याला आतून फार वाटत होतं. थोडी निघाली असती तरी त्याला पुरली असती.

सायकल सरळ वर गेली. टाकीपाशी पोचला तेव्हा त्याला साधी धापसुद्धा लागली नव्हती. तो हँडलवर कपाळ टेकून हमसून हमसून रडला.