कलावतीने ओतलेलं पाणी

कलावती रामटेके लग्न होऊन तुमसरकडून रायपूरला आली आणि महिना उलटायच्या आत डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहायला लागली. नवरा लहानू सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. त्याच्या पगारात पोटं भरत होती, भिंती उभ्या राहत नव्हत्या. रायपूरलगतच्या बिरगावातलं दोन खोल्यांचं घर कलावतीच्या मानेवर उभं राहिलं.

पुढे रायपूरबाहेर छत्तीसगडची नवी राजधानी बांधायला काढली. ठेकेदाराची गाडी रोज सकाळी रेजा बाया भरून तिकडे न्यायची. रेजा म्हणजे घमेलं वाहणारी. कुणी घमेलं अर्धं भरून दिलं, तर कलावती ते तिथंच उलटं करायची. "पुरं भर. अर्ध्या मालासाठी जिना चढत नाही मी." डोक्यावरच्या घमेल्याला हात न लावता जिना चढायची. दुपारी छत्तीसगडी बायांच्या पंगतीला बसून त्यांच्यासारखीच बासी खायची, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवलेला, वर कांदा आणि मिरची. उन्हाळ्यात शिजलेलं अन्न पाण्यात राहिलं तरच टिकतं, हे ती तिथं शिकली आणि घरातही तेच चालू झालं.

तिथल्या सरकारी क्वार्टरांचा सगळा माल असा बायांच्या डोक्यावरून वर गेला. आता त्यातलंच एक क्वार्टर तिच्या सुनेला मिळत होतं.

सून अपर्णा राजनांदगावची. नव्या राजधानीत एका कार्यालयात बाबू, म्हणजे कारकून होती. बिरगावहून जाण्यायेण्यातच तिचा जीव जायचा. क्वार्टर घ्यायचं की सोडायचं, ते सोमवारी कळवायचं होतं. यशदीप, कलावतीचा मुलगा, सिलतऱ्यात फिटर. त्याचं मन होत नव्हतं.

"वहाँ अम्मा नहीं रहेगी," तो म्हणाला. "ड्यूटी करके आओगी, फिर खाना कौन बनाएगा? हफ्ताभर अकेली बनाके दिखाओ, फिर हाँ बोलता हूँ."

"दाखवते," अपर्णा म्हणाली.

"मी हात लावणार नाही," कलावती म्हणाली. "पायत बसीन फक्त."

आणि ती पाहत बसली. सून गॅसपाशी, सासू पाटावर. "केवढा मोठा गॅस! लोहा गाळून राहिली का वं?" किंवा, "भेंडी चिरून राहिली का तिचं माप घेऊन राहिली?" पण रोज ताट वेळेवर पडत होतं आणि यशदीप रोज पोटभर जेवत होता. गुरुवारी तर तो बोलून गेला, "चल जाएगा, लगता है."

त्या रात्री कलावतीला जेवण गेलं नाही.

शुक्रवार शेवटचा. घरात अर्धी शिमला मिरची उरली होती, गाजराचा एक तुकडा, आदल्या दिवशीचे शिजलेले मटार आणि नरम पडलेले टमाटे. अपर्णाने पास्ता करायचं ठरवलं. यशदीपला तो आवडायचा. सकाळी निघण्याआधीच तिने पास्ता उकडला, निथळला, तेलाचा हात लावून पातेल्यात झाकून ठेवला.

"कच्चाच काढला न," कलावती म्हणाली.

"थोडा कडकच ठेवते आई. संध्याकाळी टमाट्यात घातला की होते पुरा."

"मंग सांजेलेच उकड."

"बसमधून उतरल्यावर वेळ कुठं असते? ते येतात न लगेच."

पातेलं फ्रिजात मावलं नाही. ओट्यावर खिडकीच्या सावलीत ठेवून अपर्णा गेली.

एप्रिलचं ऊन होतं. दुपारी कलावतीने झाकण काढून हात लावला. पास्ता कोमट लागला. असं कोरडं ठेवलं तर सांजेपर्यंत आंबेल, असं तिच्या मनात आलं, आणि मनात येईपर्यंत हात माठाकडे गेलाही होता. तिने दोन तांबे पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. इतकी वर्षं भाताला केलं तेच तिने केलं. यात कपट नव्हतं.

उन्हं कलल्यावर तिने पुन्हा पाहिलं. पास्ता फुगून दुप्पट झाला होता. बोट लावलं तर आत गेलं. पाणी पांढरं पडलं होतं.

कलावती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने पाणी गाळून मोरीत सोडलं, पास्त्याला पुन्हा तेलाचा हात लावला, पातेलं बाहेरून पुसलं आणि झाकण होतं तसं ठेवलं. हे मात्र सवयीने झालं नाही.

लहानू आता आजारी, दारातल्या खाटेवरच असायचा; तिथून तो पाहत होता. "काय करून राहिली वं?"

"भांडं पुसून राहिली."

अपर्णा आली. ओढणी कमरेला बांधली, लसूण ठेचला, टमाटे चिरले, एका बाजूला गाजर परतायला टाकलं. कलावती नेहमीच्या जागी बसली होती. पोरीचा एक हात फुकट जात नव्हता, हे तिला दिसत होतं. अशी पोरगी रेजा असती तर कलावतीने तिला आपल्या जोडीला मागून घेतली असती.

अपर्णाने झाकण काढलं आणि तिचा हात थांबला.

"आई, यात पाणी घातलं का तुम्ही?"

"मी? मी तं हातच नाही लावला. तुमचंच ठरलं होतं न?"

लहानू खोकला. कलावतीने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे वळला.

अपर्णाने गॅस मोठा केला, टमाट्याचं पाणी आटवलं, हलक्या हाताने पास्ता घातला. हलवला तितका मोडत गेला. यशदीप आला, बसला, एक घास घेतला.

"ये क्या है? लेई? पोस्टर चिपकाना है क्या?"

"सकाळी बरोबर निघाला होता. माहीत नाही काय..."

"बिचारी थकते रे," कलावती मध्येच म्हणाली, फार मायेने. "नोकरी करन का घर पायन? एकटीनं होते का हे? खा चूपचाप."

ती माया अपर्णाला सगळ्यात जास्त लागली. तिने सासूकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं. पण कळलेलं दाखवता येत नव्हतं.

यशदीपने ताट सारलं. "क्वार्टर मना कर दो."

"एक पास्ते के लिए?"

"पास्ते के लिए नहीं. दिख गया ना."

लहानूने मात्र आपलं ताट शेवटपर्यंत खाल्लं. हात धुताना बायकोला हळूच म्हणाला, "पोट्टीवर अन्याव हाय हा. सांग यशदीपले."

"तुमीच सांगा न. आन ते गेले तं दवाखान्यात कोण नेईन तुमाले? मले मोटरसायकल येते का?"

लहानू खाटेवर जाऊन बसला.

रविवारी सगळे विहारात गेले. कलावतीने पंचशील म्हटलं, खोटं न बोलण्याचंही, सगळ्यांत वरच्या आवाजात.

सोमवारी अपर्णाने क्वार्टर सोडलं. संध्याकाळी घरी आली, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात न जाता बसून राहिली. कलावतीने वांग्याची भाजी रांधली होती. तिने सुनेला स्वतः वाढलं आणि समोर बसली.

"मीठ बरोबर हाय न?"

"हव, आई."

"तं खा न मंग. पायते काय?"

अपर्णा खाली मान घालून जेवली. कलावतीने तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि ती संपेपर्यंत उठली नाही.