मेल्या माणसाच्या डोळ्यातलं

पुतळाबाईच्या अंगाला हात लावायची हिंमत एकाच माणसाने केली. कोळशाच्या भट्टीवरचा मुकादम होता. तिने कोयत्याने त्याची दोन बोटं उडवली, उरलेली मोळी बांधली आणि घरी गेली. बेडसे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहायची ती. नवरा लवकर गेला. एकुलता एक नवशा तिने लाकडं विकून वाढवला, आणि तो पंचविशीला आला तेव्हा आम्ही त्याला मारला.

आम्ही म्हणतो, कारण मीही तिथे होतो. मी रखमाजी, मळवलीच्या एका बंगल्याचा राखणदार. त्र्याहत्तरच्या कार्तिकात भातात रानडुकरं घुसत होती. गावातल्या बड्या शेतकऱ्याचा, कोंडाजीचा पोरगा बजरंग ठासणीची बंदूक घेऊन दबा धरून बसला आणि नवशा हाकारा घालत आला. डुक्कर बजरंगच्या पुढ्यातून गेलं, पण त्याला चाप ओढायचं सुचलं नाही. नवशा पोट धरधरून हसला. "म्होरल्या बारीला लाटणं आना," म्हणाला आणि वळून चालू लागला. मग मात्र बजरंगला चाप ओढायचं सुचलं.

डुकराने फाडला, असं सांगायचं ठरलं. लोकांना पटावं म्हणून बजरंगने सुऱ्याने त्याचं पोट फाडलं. मी बघत उभा राहिलो. प्रेत घोंगडीत गुंडाळलं, आईला तोंड तेवढं दाखवलं आणि दिवस मावळायच्या आत पुरलं. वाडीच्या जमातीत पुरतात. बंगल्याची नोकरी मला कोंडाजीनेच लावून दिली होती, म्हणून मी तोंड शिवून बसलो. भेकड होतो, दुसरं काय!

पंच्याहत्तर साली बंगल्याच्या मालकांनी टीव्ही आणला. दर गुरुवारी संध्याकाळी एक नवी मालिका लागायची. विज्ञानाच्या, पुढच्या काळातल्या गोष्टी. दर वेळी गोष्ट नवी, माणसं नवी. मालक मुंबईला असले की मी दार उघडायचो आणि पन्नास-साठ माणसं दिवाणखान्यात दाटीवाटीने बसायची. बजरंग पुढे खुर्चीवर, वाडीची माणसं मागे दाराशी, त्यांत पुतळाबाईही. चंद्रावरची वस्ती बघून गावातली अंबूबाई म्हणाली, "पानी न्हाई, शेन न्हाई, सारवत्यात कशानं ह्या बाया?" परग्रहावरच्यांनी गाव जाळलं त्या गुरुवारी नंदाबाईने पडद्यापुढे जाऊन त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. आणि एकदा संपलेली गोष्ट पुढच्या खेपेला पुढे सरकत नाही, याचा तर सगळ्यांनाच राग.

पाचवी गोष्ट एका डॉक्टरची होती. मेलेल्या माणसाने शेवटी काय पाहिलं ते त्याच्या डोळ्यातून काढून दाखवणारं मशीन त्याने बनवलं होतं. मशीनच्या काचेवर खुन्याचं तोंड उमटलं तशा लोकांनी टाळ्या पिटल्या. बजरंग पाणी प्यायला उठला तो परत आलाच नाही. शेवटी टीव्हीवरची निवेदन करणारी बाई म्हणाली, प्रतिक्रिया पत्राने कळवा, आणि पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई माझ्या दारात. "रखमा, कागुद लिव. माझ्या नवशाला शेवटी काय दिसलं त्ये मला बघायचंय. मशीन कुटं हाय त्ये इच्यार."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी पोस्टकार्ड आणलं आणि तिच्या नावाने लिहिलं.

पंधरा दिवसांनी छापील उत्तर आलं. आपली प्रतिक्रिया पोहोचली, आभारी आहोत. मी वाचून दाखवलं आणि म्हणालो, "मावशी, ती गोष्ट व्हती. तसलं मशीन नसतंय."

"नसतंय म्हनून लिवलंय का त्यात?"

"न्हाई."

"मंग झालं. नवशाला घिऊन मलाच जाया पायजे."

मला वाटलं, दुःखाने बोलते आहे. पुरलेलं माणूस उकरायचं म्हणजे त्यांच्यात मोठं पाप. वाडीतलं कुणी तिच्याबरोबर गेलं नाही. ती एकटीच कुदळ घेऊन भर दुपारी गेली.

तो गुरुवार होता. संध्याकाळी टीव्हीवर कुठलं तरी यान उडत होतं तेव्हा ती दिवाणखान्यात आली. कोपरापर्यंत माती, एका हातात कुदळ. पडद्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"डोळं मातीनं खाल्लं," ती म्हणाली. "ह्ये ऱ्हायलंय."

तिने पदराची गाठ सोडून बजरंगच्या पुढ्यात ठेवलं ते पाठीच्या मणक्याचं हाड होतं. त्यात शिशाची गोळी रुतून बसली होती.

"डुकराच्या सुळ्याला शिसं असतंय व्हय रं?"

बजरंग ताडकन उठला. "म्हातारी येडी झालीया! डुकरानंच फाडला त्याला. इच्यारा रखमाजीला, त्यो व्हता तितं."

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.  मी म्हणालो, "बजरंगनं मारला. पाठीत. म्या दहा पावलांवर व्हतो."

त्याने झेप घेऊन माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोन दात पडले. मग वाडीची माणसं उठली. बुधाने त्याला केसांनी धरून खाली ओढला, कान्हूने छातीवर गुडघा रोवला. टीव्ही पडून फुटला, काचांवरून त्याला फरफटत अंगणात नेलं आणि आंब्याला बांधून पोलीस येईपर्यंत झोडपला. अंबूबाई-नंदाबाईसुद्धा चपला घेऊन पुढे होत्या.

मी तोंडातलं रक्त पुसत बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटत होतं. एकदाचं बोललो. पुतळाबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, डोक्यावरून हात फिरवेल. तिने कुदळीचा दांडा फिरवला. पहिल्या घावात खांदा गेला, दुसऱ्यात उजवा हात.

"बजरंग्यावर माझा पयल्या दिसापासून वहीम व्हता," ती म्हणाली. "पन नवशाला काय दिसलं त्ये म्या तुझ्या दारात येऊन इच्यारलं, रखमा. आन् तू मुंबईचा पत्ता लिवत बसलास."