भिंतीकडे तोंड केलेल्या कविता

दर रविवारी कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहात, वानखेड्याच्या घरी आम्ही दोघं घडीची पुस्तकं बनवतो, म्हणजे किस्से साचणारच! एक लांब कागद, आठ घड्या. पुढच्या बाजूनं त्याचं चित्र, मागच्या बाजूनं माही कविता. तो प्लांटातला रिटायर्ड फिटर, मी रिटायर्ड क्लार्क. अन् मी त्याच्यावर जळतो. सांगून टाकलं, बस!

*

पहिलं प्रदर्शन. घड्या उघडून पुस्तक टेबलावर उभं केलं. टेबल भिंतीले चिकटलेला. चित्र लोकांकडे, कविता भिंतीकडे!

"वानखेड्या, टेबल पुढे ओढ ना बे."

"लोक मागून जातीन, धक्का लागन, पुस्तक पडन."

तीन दिवस माही कविता फक्त भिंतीनं वाचली.

*

त्यातच एक मॅडम आल्या. "कितनी सुंदर ड्रॉइंग है! पीछे कुछ लिखा है क्या?"

"कुछ नहीं, मैडम," मी म्हटलं. एवढा राग आला होता!

*

एक पुस्तक घरी आणलं. बायकोनं, सुषमानं, ते शोकेसवर मांडलं. चित्र पुढे!

"अवं, मागे मी लिहिलं हाय ना!"

"अवो, ते तर तुमी मले चाळीस वर्षांपासून ऐकवूनच राहिले!"

*

मंग दुसऱ्या प्रदर्शनात मी पाप केलं. वानखेड्या जेवायले गेला, अन् मी पुस्तक गुपचूप फिरवलं. कविता पुढे! थोड्या वेळानं पाहतो तं काय, एक काका भिंतीले गाल लावून मागचं चित्र पाहून राहिले होते!

वानखेड्यानं परत येऊन ते पाहिलं. मले चहा पाजला फक्त. ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

*

यंदा त्यानं मले चित्र दाखवलंच नाही. कविता घेतली अन् दार लावून बसला. प्रदर्शनाच्या दिवशी स्वतःच टेबल ओढत हॉलच्या मधोमध नेला.

आठही घड्यांवर एकच माणूस. पाठमोरा, लिहीत बसलेला. माहं टक्कल, माहं चट्ट्यापट्ट्याचं स्वेटर!

"चेहरा कावून नाही काढला बे?" मी भडकलोच.

"चूप बस. पाहत राह्य."

लोक यायचे, पाठ पाहायचे, अन् चेहरा पाहाले टेबलाच्या मागे जायचे. गेलेलं कोणी लवकर परतत नव्हतं. मागच्या वेळचे काका तं चष्मा पुसून पुसून आठवी घडी वाचून राहिले होते!

मी वानखेड्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते माहे. साला, हे बी त्यालेच सुचलं!