नऊ सेकंदांची मूठ

"तेवढा हात काढून टाकला की सगळं कसं मोकळं दिसंल," काका म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. सेलूतल्या आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे, तिला घरात सगळे ऑफिस म्हणतात. काका, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, कूलरसमोर खुर्ची ओढून बसले होते. त्यांचा मुलगा लॅपटॉपपुढे होता. तो पुण्यात ॲनिमेशन शिकून आला आहे, मी त्याला दादा म्हणते. पप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. लॅपटॉपवर आमच्या कंपनीचं चिन्ह थांबवून ठेवलं होतं. बाईची एक मूठ, मुठीतून सुटणारी ज्वारी आणि खाली पेरणीचं लाकडी चाडं.

"काढ की मग," पप्पा म्हणाले. ते पडद्याकडे बघत नव्हते.

आमची कंपनी म्हणजे फार मोठं काही नाही. पप्पा आणि काका आधी लग्नांचं शूटिंग करायचे. मग त्यांनी आपल्या भागातल्या बोलीत विनोदी पिच्चर काढायला सुरुवात केली. यंदाचा पिच्चर पहिल्यांदाच मोबाइलच्या एका ॲपवर जाणार होता. ॲपवाल्यांनी कळवलं की सुरुवातीचं चित्र फार अंधूक आहे, नवीन करून द्या. म्हणून ही बैठक. मला बोलावलं होतं ते नव्या चित्रातलं कंपनीचं इंग्रजी नाव तपासायला. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. बाकी कशात माझं मत कुणी विचारत नाही आणि मीही ते देत नाही.

पहिल्या पिच्चरच्या वेळी हे चिन्ह नव्हतं. तेव्हा सेलूतल्या एका पेंटरकडून पत्र्यावर कंपनीचं नाव रंगवून घेतलं होतं आणि त्याच्यापुढे समई ठेवली होती. वाऱ्यानं समई सारखी विझायची. शेवटी काका पत्र्यामागे बसून पुठ्ठा आडवा धरून राहिले, असं ते अजून सांगतात. पिच्चर चालला, पण लोक म्हणाले, सुरुवातीला कीर्तनाची कॅसेट वाटली. पप्पांना ते लागलं. दुसऱ्या पिच्चरला आपल्या मातीतलं काहीतरी पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

वालूरला आमचं थोडं शेत आहे. पेरणीच्या दिवसांत पप्पा कॅमेरा घेऊन तिथे गेले. मी तेव्हा पहिलीत असेन, बांधावर बसले होते. तिफणीच्या तीन नळ्यांवर एक लाकडी वाडगा बसवलेला असतो, ते चाडं. पुढे बैल चालतात आणि मागून बाई पदराच्या ओट्यातलं बी मुठीत घेऊन त्यात सोडत जाते. मूठ एकसारखी सुटावी लागते, नाहीतर कुठे दाट उगवतं, कुठे काहीच नाही. पहिली मूठ घरातल्या सवाष्णीनं धरायची असते. आईनं चाड्याला हळदीकुंकू लावलं आणि मूठ धरली.

आई डावरी होती. पण हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. माहेरी तिला लहानपणीच वळण लावलं होतं, की चारचौघांत सगळं उजव्या हातानं करायचं. जेवणं, कुंकू लावणं, पैसे देणं, पाहुण्यांना पाणी देणं. कुणी बघत नसलं की ती डाव्या हातावर यायची. भाकरी ती डाव्या हातानं थापायची, भाजी डाव्या हातानं चिरायची. मला तर लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच आया घरात एका हाताच्या आणि बाहेर दुसऱ्या हाताच्या असतात.

त्या दिवशी कॅमेरा होता म्हणून तिनं उजवी मूठ धरली. बी गोळ्यानं पडायला लागलं. पप्पांनी पुन्हा बैल मागे घ्यायला लावले. तसंच झालं. चौथ्या वेळी पप्पा म्हणाले, "तुझ्या हातानं धर की." आईनं इकडेतिकडे बघितलं आणि हात बदलला. ज्वारी अशी सुटली की जणू कुणी तिला धाग्यात ओवलंय.

तेवढ्यात बांधावरून आत्या, पप्पांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या, "डाव्या हाताची पेर कुठं पिच्चरात दाखवतेत का? लोक काय म्हणतेल?"

पप्पांनी कॅमेरा बंद केला. आईनं हात पदराखाली घेतला. नंतर परभणीला एडिटिंगच्या वेळी ते चित्र उलटं करून घेण्यात आलं, आरशात दिसतं तसं. डाव्याचा उजवा झाला. नऊ सेकंद. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. मुठीच्या मागे, कोपऱ्यात बियाण्याची पिशवी पडली होती. तिच्यावरची अक्षरंही उलटी झाली. पिच्चरच्या सीड्या वालूरच्या, राणीसावरगावच्या बाजारात जायच्या, लक्झरी गाड्यांमधून लागायच्या. एकदा गाडीत आमच्या पुढच्या सीटवरचे एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "निजामाच्या वक्ताची पिशवी दिसती. उर्दूत लिवलंय बघा." शेजारी म्हणाला, "मग लय जपून ठेवली म्हणायची." आई माझ्याशेजारी बसली होती. ती खिडकीकडे तोंड करून हसली. मग कितीतरी दिवस आम्ही घरात बियाण्याच्या पिशवीला निजामाची पिशवी म्हणायचो.

पुढे प्रत्येक पिच्चरला त्या चिन्हात काहीतरी बदललं. आधी वरून गोल फिरत येणारी अक्षरं आली. मग मागे उगवता सूर्य आला. पिशवी कापली गेली. मग सगळ्याला सोनेरी रंग दिला, त्यात आईच्या मनगटावरचं गोंदण, तीन हिरवे ठिपके, दिसेनासं झालं. सीड्या बंद झाल्या, लोक मेमरी कार्डात पिच्चर भरून घ्यायला लागले, तेव्हा नऊचे सहा सेकंद झाले. मोबाइलवर लोक सुरुवात बघतच नाहीत म्हणून पुढे चार. मी वाढत होते तशी पडद्यावरची आई कमी कमी होत होती. मला ते दिसत होतं. मी कधी काही म्हटलं नाही.

शाळेत सगळ्या मुली मम्मी म्हणायच्या, म्हणून शाळेत मीही मम्मी म्हणायचे. घरी आई. तिच्यासारखीच मीही दोन हातांची झाले होते, हे मला फार उशिरा कळलं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा आम्ही सेलूहून परभणीला गाडीनं जायचो. डायलिसिसच्या आधी हातावर एक छोटं ऑपरेशन करतात, दोन नसा जोडतात. डॉक्टर शांतपणे समजावून सांगत होते. ज्या हातानं जास्त काम करता तो सोडून दुसऱ्या हातावर करू, कारण पुढे त्या हातानं वजन उचलता येणार नाही. मग त्यांनी आईला विचारलं, "कोणता हात जास्त वापरता?"

आईनं पदर सारखा केला. "उजवा," ती म्हणाली.

मी फाइल धरून तिच्या शेजारी उभी होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला माहीत होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण परक्या माणसासमोर आईला खोटं पाडायचं कसं, हा विचार करता करता आम्ही बाहेर आलो होतो.

जिन्यात मी म्हटलं, "असं का सांगितलंस?"

"विचारलं की उजवाच म्हणायचं असतंय," ती म्हणाली. जणू तिला नाव-गाव विचारलं होतं.

ऑपरेशनला चार दिवस होते. चार दिवसांत मी एक फोन करू शकले असते. पप्पांना सांगू शकले असते, त्यांना त्या प्रश्नाची काही कल्पना नव्हती. उद्या सांगू, असं मी रोज म्हणत होते. चौथ्या दिवशी आईच्या डाव्या हातातल्या बांगड्या काढून नर्सनं माझ्या हातात दिल्या.

त्यानंतर त्या हातानं तिनं काही उचललं नाही. गोंदणाच्या जरा वर टाके होते. तिथे हात ठेवला की आत बारीक घरघर लागायची, रक्त वाहण्याची. आई म्हणायची, "बघ, पिठाची गिरणी चालू हाय." भाकरी ती उजव्या हातानं थापायला लागली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. "उजव्या हाताच्या पेरीवानी झालीय," ती म्हणायची, "कुठं दाट, कुठं कायच न्हाई." आम्ही हसायचो. मी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे.

मागच्या वर्षी आई गेली.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मी ऑफिसातलं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात जुना कॅमेरा होता आणि एका डब्यात छोट्या कॅसेटी. एकीवर पप्पांच्या अक्षरात फक्त "पेर" लिहिलं होतं. वायर लावल्यावर कॅमेरा चालू झाला. त्याच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर मी ते पाहिलं. एडिटिंगच्या आधीचं, न उलटलेलं. पिशवीवरची अक्षरं सरळ वाचता येत होती. मूठ डावी होती, मनगटावर तीन ठिपके हिरवेगार. बी एकसारखं सुटत होतं. आणि घुंगरांच्या आवाजात, पिच्चरमध्ये कधीच न आलेला आईचा आवाज होता, "हात दुखायलाय आता, झालं का न्हाई तुमचं?" त्यावर पप्पांचं हसू. "थांब, थांब, लय ग्वाड दिसायलंय."

मी ती कॅसेट पुन्हा डब्यात ठेवली आणि याबद्दलही कुणाला काही सांगितलं नाही.

आता ऑफिसात दादानं लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "हात पायजेच असला तर ह्यो बघा," तो म्हणाला. काळ्या पडद्यावर सोनेरी धूळ उडाली आणि तिच्यातून एक हात वर आला. उजवा. गोरा, गुळगुळीत, लांब बोटांचा. त्यातून ज्वारी नाही, चमकणारे कण पडत होते. खाली कंपनीचं इंग्रजी नाव आलं.

"जबरदस्त," काका म्हणाले. "हिरोइनीचा वाटायलाय."

पप्पांनी पहिल्यांदाच पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "कोणाचा हाय ह्यो हात?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच न्हाई, मोठे पप्पा. कॉम्प्युटरनं बनवलाय."

"बरं," पप्पा म्हणाले आणि पुन्हा खाली बघायला लागले. त्यांचा अंगठा चादरीच्या काठावरून फिरत होता. तेव्हा मला कळलं की तेही माझ्यासारखेच आहेत. हे असंच जाऊ देणार आणि आयुष्यभर त्याच्याकडे बघायचं टाळणार.

"चहा ठेव ना तो," काका मला म्हणाले. "गार व्हायलाय."

मी ट्रे टेबलावर ठेवला. दादा म्हणाला, "बघ गं, स्पेलिंग बरोबर हाय ना? मग आजच पाठवून देतो."

स्पेलिंग बरोबर होतं. तेवढं सांगून मी खाली जाऊ शकत होते, नेहमीसारखी. मी कपाटापाशी गेले, खालचा कप्पा उघडला आणि ती छोटी कॅसेट काढून दादाच्या लॅपटॉपवर ठेवली. तिघंही माझ्याकडे बघत होते. पहिले शब्द मलाच नीट ऐकू आले नाहीत, म्हणून मी ते पुन्हा म्हटले, जरा मोठ्यानं.

"स्पेलिंग बरोबर आहे. पण हात हा घ्या. हा आईचा आहे, आणि तो डावा आहे. अंधूक दिसला तरी चालेल, पण या वेळी उलटा करू नका."