‘चालू’ या शब्दावर बंदी

दत्ता मानेचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. ‘‘बाई, बिराजदार मास्तर गेलं वो,’’ तो म्हणाला. कुकरची शिट्टी झाली, ती त्यालाही ऐकू गेली असणार. मग तो म्हणाला, ‘‘आंघूळ करून बसलं हुतं. चा मागितला, वैनी चा घिऊन येस्तवर गेलं.’’ मी गॅस बंद केला, सोलापूरच्या सात रस्त्याला आले आणि मिळेल ती रिक्षा धरली. अक्कलकोटच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथल्या शेतात संध्याकाळी त्यांना समाधी दिली. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या छोट्या चौकटीत ‘लिंगैक्य झाले’ असं छापून आलं. कारखान्यातली एवढी माणसं शेतात बघून गावातल्या एका म्हाताऱ्याने कानडीत विचारलं, ही सगळी कोण? वहिनी म्हणाल्या, ‘‘ह्यांची शाळा.’’ याला आता काही आठवडे झाले.

शिवानंद बिराजदार आणि मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बरोबरीने नोकरी केली. ते प्रशिक्षण बघायचे, मी कार्मिक विभागात होते. कामगार त्यांना मास्तर म्हणायचे आणि मला बाई, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला आम्ही कारखान्यात शाळा काढून बसलोय असंच वाटायचं. बिराजदारांच्या घरी कानडी, बाहेर मराठी, वस्त्रोद्योगाची पदविका, आणि स्वभाव असा चिकट की एकदा मागे लागले की माणसाने हात टेकलेच पाहिजेत. माझं त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी भांडण व्हायचं. ते भांडण ते दुसऱ्या दिवशी विसरायचे आणि मी विसरायची नाही, एवढाच आमच्यातला फरक.

मालकांनी जुने यंत्रमाग काढून परदेशी बनावटीचे नवे माग आणायचं ठरवलं तिथून ही गोष्ट सुरू होते. जुन्या मागावर आमची माणसं आवाजावरून ओळखायची की आत काय बिघडलंय. नव्या मागाला पडदा होता, पडद्यावर इंग्रजी होतं, आणि धागा तुटला की माग आपोआप थांबून दिवा लावायचा. जुने विणकर चाळीसेक होते, बहुतेक पन्नाशीला टेकलेले. प्रश्न साधा होता. ही माणसं नव्या मागावर शिकणार, की ठेकेदाराकडून आयटीआयची तरुण मुलं आणायची? शिकली नाहीत तर पॅकिंगला बसून टॉवेलच्या घड्या घालायच्या, तेही नको असेल तर घरी. विणकराला घड्या घालायला बसवणं म्हणजे त्याचा चारचौघांत अपमान, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. बिराजदारांनी ‘मी शिकवतो’ म्हणून सगळं अंगावर घेतलं. कॅन्टीनशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक नवा माग उभा राहिला आणि तिथे ट्रेनिंग सेंटर अशी पाटी लागली.

प्रशिक्षण म्हटलं की मला तोवर फक्त सामोसा आठवायचा. बाहेरगावाहून कोणीतरी टाय लावून यायचा, पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवायचा, बदलाला सामोरं जा म्हणायचा, मधल्या सुट्टीत सामोसा आणि चहा, शेवटी सगळे अभिप्रायात ‘उत्तम’ लिहून मोकळे. सामोसा खरंच उत्तम असायचा. बिराजदारांचं शिकवणं त्याहून बरं होतं, कारण ते मागाजवळ उभं राहून शिकवायचे. पण तेही एक गोष्ट दर दोन वाक्यांनी करायचे... ‘‘कळलं का?’’ असं विचारायचे. समोरून एका सुरात ‘‘व्हय’’ यायचं. बिराजदार खूश होऊन पुढच्या बटणाकडे वळायचे. आपल्याकडे मास्तरांनी ‘कळलं का’ विचारलं की ‘व्हय’ म्हणणं ही रीत आहे, त्याचा कळण्याशी काही संबंध नसतो.

शिकवणी सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका दुपारी शेडमध्ये मागावर जोडी होती दत्ता माने आणि नरसय्याची. दत्ता टेंभुर्णीकडचा, चाळिशीतला, हाताला चपळ. नरसय्या त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला, घरात तेलुगू. जन्मापासून माग ऐकत आलेला. धागा तुटला होता. नरसय्या हात आत घालून धाग्याचं टोक शोधत होता आणि दत्ता बटणावर बोट ठेवून माग थोडा थोडा पुढे सरकवत होता. टोक सापडलं, नरसय्या काहीतरी म्हणाला, आणि दत्ताने पूर्ण वेगाचं बटण दाबलं. नरसय्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

चौकशी माझ्याकडे आली. दत्ता म्हणाला, ‘‘त्येंनीच म्हनलं की चालू, चालू! म्हनून म्या बटन दाबलं. आयच्यान सांगतो बाई.’’ दवाखान्यातून नरसय्याचा निरोप आला, ‘‘मी थांब म्हणलो. देवाशपथ थांब म्हणलो.’’ दोघांपैकी एक खोटं बोलतोय हे उघड होतं, आणि कारखान्यात दोन तट पडायला तेवढं पुरलं. तेलुगू बोलणारे एका टेबलावर, मराठी बोलणारे दुसऱ्या टेबलावर, कॅन्टीनमध्ये शब्द नाही. दत्ताला घरी बसवलं. आमचे मॅनेजर वाट बघत असल्यासारखे म्हणाले, ‘‘बिराजदार, हे लोक ट्रेनेबल नाहीत. सेंटर बंद करू.’’ आठवड्याने बैठक ठेवली. तिथे बंद करायचा निर्णय होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चाळीस माणसांचं पुढे काय ते त्या बैठकीवर ठरणार होतं.

नरसय्याचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेले तेव्हा बिराजदारही आले. खरं तर त्यांना येऊ द्यायचं नव्हतं, पण ते ऐकणाऱ्यातले नव्हतेच. नरसय्याचा उजवा हात बांधलेला, म्हणून त्याची बायको नरसव्वा त्याला आमटी-भात भरवत होती. आम्ही स्टुलावर बसून वाट बघत होतो. चार घास झाले, ती पाचवा भरवायला गेली तेव्हा नरसय्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, ‘‘चालु, चालु.’’ नरसव्वाने चमचा मागे घेतला आणि ताटली खाली ठेवली.

बिराजदार उठून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली की काय. त्यांनी नरसव्वाला विचारलं, ‘‘हे आत्ता काय म्हणाले?’’ ती म्हणाली, ‘‘पोट भरलं म्हणलं की. बास म्हणलं.’’ बिराजदार हळूच पुटपुटले, ‘‘अय्यो... साकु.’’ साकु म्हणजे कानडीत पुरे. तेलुगूत पुरे म्हणजे चालु. उच्चारसुद्धा आपल्या ‘चालू’सारखाच. नरसय्याने माग पुरेसा सरकला म्हणून ‘पुरे, थांब’ या अर्थाने ‘चालु’ म्हटलं होतं, आणि दत्ताने तेच ऐकून माग चालू केला होता. कोणीच खोटं बोलत नव्हतं. एरवी नरसय्या आपल्यासारखंच लाइट चालू कर म्हणायचा, पण हात मागात असताना माणूस घरच्या भाषेत बोलतो. परत येताना बिराजदार रिक्षात एवढंच म्हणाले, ‘‘तीस वर्षं या गावात आहे मी, बाई. कानडी माझी, मराठी माझी. यांची भाषा मात्र यांची यांनी बघावी, असंच धरून चाललो...’’

बैठकीत त्यांनी हा शब्दाचा घोळ सांगितला. वर म्हणाले, ‘‘चूक दत्ताची नाही, नरसय्याची नाही. शिकवणाऱ्याची आहे. मी बटणं शिकवली. एकाने आत हात घालायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, ही पद्धतही माझीच.’’ मॅनेजर म्हणाले, ‘‘म्हणजे कारवाई तुमच्यावर करायची?’’ बिराजदार म्हणाले, ‘‘करा. पण सेंटर चालू ठेवा.’’ आणि लगेच घाईघाईने, ‘‘म्हणजे... मराठीतलं चालू.’’ मालक हसले. कितीही गंभीर बैठक असो, मालक हसले की अर्धं काम होतं, हे मला नोकरीने शिकवलं. दत्ताला परत घेतलं. सेंटरला दोन महिने मिळाले. तेवढ्या मुदतीत ही माणसं तयार झाली नाहीत तर ठेकेदाराची मुलं येणार हे पक्कं. बिराजदारांना मेमो मिळाला, आणि त्या वर्षी होणारी त्यांची बढती झाली नाही. पुढेही झाली नाही. याचा राग मला अजून आहे. त्यांना नव्हता, आणि त्याचाही मला राग आहे.

नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी माग बंदच होता. सगळे गोल करून बसले आणि बिराजदारांनी विचारलं, घरी ‘हळू’ला काय म्हणता? वर्गातला नरसय्याचा भाचा म्हणाला, ‘‘मेल्लगा.’’ दत्ता दचकून म्हणाला, ‘‘कोन मेलं?’’ अपघातानंतर त्या शेडमध्ये पहिल्यांदा हशा झाला तो तेव्हा. मग कानडी आली, दखनी उर्दू आली. दखनीतलं ‘बस’ म्हणजे पुरे, मराठीत मात्र बस म्हणजे खाली बस, त्यामुळे ते ऐकून दोघंजण खरोखरच खाली बसले. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. ज्याचा हात आत, बटणही त्याचंच, दुसऱ्याने पॅनेलला बोट लावायचं नाही. आणि शेडमध्ये ‘चालू’ हा शब्द कोणी काढायचा नाही. माग ‘सुरू’ करायचा. ही बंदी एवढी पसरली की कॅन्टीनवाला पंखासुद्धा ‘सुरू’ करायला लागला, आणि माझी सून अजून विचारते की तुम्ही टीव्ही ‘सुरू करा’ असं पुस्तकी का बोलता.

‘कळलं का’ हे त्यांनी स्वतःच सोडलं. त्याऐवजी ‘‘आता याला तू शिकव’’ म्हणायचे. तेलुगूवाल्याने मराठीवाल्याला शिकवायचं, तेही शिकणाऱ्याच्या भाषेत, आणि उलट. यात वेळ फार जायचा. मी घड्याळ दाखवायची, ते मान फिरवायचे. स्वतः मात्र दुपारच्या सुट्टीत नरसय्यापाशी बसून तेलुगू शिकायचे. बोटं बरी होऊन नरसय्या कामावर आला होता. बिराजदारांचं तेलुगू भयानक होतं. क्रियापदं कानडी आणि वर सोलापुरी ‘की’. नरसय्या मोठ्या मायेने त्यांना झापायचा. ‘‘काय मास्तर, पोरगं बरं बोलतंय तुमच्यापेक्षा.’’ पन्नाशी उलटलेला अधिकारी, आणि मान खाली घालून ऐकून घेतोय. हे मी ऑफिसच्या खिडकीतून रोज बघायची, आणि मला ते फार आवडायचं. कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाई, तुम्ही पण या.

दोन महिन्यांनी बहुतेक सगळे मागावर गेले. सगळे नाही. काहींचे डोळे साथ देत नव्हते, एकाला पडद्याची धास्ती बसली ती गेली नाही, ते पॅकिंगला गेले आणि बिराजदार त्यांच्याकडे बघताना कायम अवघडायचे. नरसय्या निवृत्त होईपर्यंत मागावरच राहिला. त्यानंतर बिराजदार निवृत्त झाले, मी झाले. मग कारखान्यात मोबाइलवरचं प्रशिक्षण आलं. चित्रफीत बघायची आणि ‘मला समजले’ या चौकोनात खूण करायची. ते ऐकून बिराजदार मला फोनवर म्हणाले होते, ‘‘बाई, व्हय म्हणायचंसुद्धा काम राहिलं नाही आता.’’

परवा निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी कारखान्यात गेले होते. काम उरकल्यावर पाय त्या शेडकडे वळले. पत्रा नवा होता, माग नवा होता. आत नवीन भरती बसली होती, वेळापूरच्या दोन मुली आणि ओडिशातून आलेले तिघं-चौघं. सेंटर आता दत्ता बघतो. केस पांढरे झालेत त्याचे. सगळ्यांचे मोबाइल त्याने कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायला लावले होते. माग बंद होता आणि दत्ता ओडिशाच्या एका माणसासमोर उकिडवा बसून ‘थांब’ला त्यांच्याकडे काय म्हणतात ते शिकत होता. ‘‘रुई,’’ दत्ता म्हणाला. ‘‘रुई नहीं. रुह,’’ तो माणूस म्हणाला. दत्ताने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, सगळे हसले, दत्ता सगळ्यात मोठ्याने. मला तिथे दारात एकदम रडू आलं. शेतातल्या समाधीपाशी आलं नव्हतं. दत्ताने मान वळवून बघितलं. हाताने बाकावरची जागा दाखवत म्हणाला, ‘‘बाई, तुमी पन बसा की. पयलाच तास हाय.’’

मी चपला काढल्या आणि वेळापूरच्या मुलींशेजारी जाऊन बसले. माझी पाळी आली तेव्हा माझंही चुकलं.