खाच की बोल्ट

बनशंकरीतल्या आमच्या घरामागे बारा बाय पंधराची मोकळी फरशी आहे. नोकरी सोडल्यावर यजमानांनी तिथे पर्गोला करायचं ठरवलं. पर्गोला म्हणजे वर पत्रा-कौल काही नसलेला, नुसत्या पट्ट्यांचा लाकडी मांडव. त्यावर वेल चढवायचा. सुतार बोलवायचा नाही, सगळं आपणच करायचं, असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

लाकूड त्यांना नवं नव्हतं. कारखान्यात लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो करणं हे त्यांचं काम होतं. दोन वर्षांपूर्वी कामावर जाताना स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ पूर्वीसारखी आवळेना. कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे वर्षभर बसले आणि मग राजीनामा दिला.

त्यांनी ग्राफपेपरवर काढलेला नमुना चार खांबांचा होता. फरशीच्या मधोमध उभा, खांबांवर तुळया खाचेत बसवलेल्या, एकही खिळा दिसणार नाही असा. मी मोबाइलवर शोधून कागदावर उतरवलेला नमुना साधा होता. एक बाजू घराच्या भिंतीला, पुढे दोनच खांब आणि सगळीकडे लोखंडी अँगल आणि नटबोल्ट. ड्रिल मशिन असलं की झालं.

"चार खांबांचा दिसायला चांगला," ते म्हणाले.

"दिसायला आहेच. पण धुणं कुठे वाळत घालायचं?"

भिंतीला लागून केला तर स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं पश्चिमेचं ऊन अडेल, लाकूडही कमी लागेल, असंही मी म्हटलं. कारणं खोटी नव्हती. पंधरा दिवस आम्ही त्यांच्यावरच बोलत राहिलो. दोघांचेही कागद फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेले होते.

एका शनिवारी आम्ही चिकपेटला सामान बघायला गेलो. आम्ही काही विचारायच्या आत दुकानदारानं अँगल आणि बोल्ट काउंटरवर मांडले. "अण्णा, आता हेच चालतं. खाचा कोण पाडत बसतं? स्वल्प वेळात काम होतं." यजमानांनी एक अँगल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. आम्ही काही न घेता निघालो.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. लालबाग गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू नमुना बघून सांगते आहेस की माझा हात बघून?"

"हात बघून," मी म्हटलं.

जयनगर आलं. तेव्हा ते म्हणाले, "आधीच सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही चार खांबच उभे केले असते."

"केलेच असते."

सोमवारी त्यांनी टिंबर डेपोतून लाकडाचे दोन तुकडे आणले आणि नमुन्यादाखल एक सांधा करायला घेतला. मी विमा कार्यालयात नोकरी करते. संध्याकाळी परत यायचे तेव्हा मागच्या दारात भुसा पडलेला असायचा. असे तीन दिवस गेले. पूर्वी हे काम त्यांनी सकाळच्या चहाआधी संपवलं असतं. चौथ्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. सांधा बसला होता, पण हलवला की डुगडुगत होता. एका बाजूला पोस्टकार्ड सरकेल इतकी फट होती.

"कारखान्यात असतं तर मी हे परत पाठवलं असतं," ते म्हणाले.

मला लाकडातलं काही कळत नाही, पण फट दिसत होती. मी 'चांगलं झालंय' म्हटलं नाही. त्यांनी पटाशी पुसून खोक्यात ठेवली, हात धुतले आणि आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवा कागद होता. भिंतीला लागून, दोन खांब, बोल्ट. फक्त वरच्या अकरा पट्ट्या पुढच्या तुळईत उथळ खाचा पाडून बसवायच्या होत्या.

"ह्या खाचा कोण पाडणार?"

"खुणा मी करतो. करवत तू धर."

मी तोवर करवत हातात घेतली नव्हती. पहिल्या तीन खाचा वाकड्या गेल्या. "जोर नको लावू, तिला जाऊ दे," ते शेजारून सांगत. पाचवीनंतर त्यांनी सांगणं बंद केलं. उरलेली प्रत्येक खाच त्यांनी कोनमापी लावून तपासली आणि पुढची खूण केली. मला त्याचं बरं वाटलं.

दोन महिने आमचे शनिवार त्यातच गेले. डावीकडचा खांब किंचित कललेला आहे. ओळंबा न लावताही तो त्यांना दिसतो, मला अजून दिसत नाही. काँक्रीट घट्ट झालं होतं, म्हणून तसाच राहू दिला. उजव्या खांबाशी पॅशनफ्रूटचं रोप लावलं. ते आता छातीपर्यंत आलं आहे. सावली अजून पट्ट्यांपुरतीच पडते.

मागच्या महिन्यात शेजारच्या अक्का कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बराच वेळ बघत होत्या. आमच्या गच्चीवर असाच एक करून द्याल का, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

"शनिवारी जमेल," मी अक्कांना सांगितलं.